नेब्रास्काचा शेख

विजयकुमार रिटायर झाले आणि पुढच्याच आठवड्यात शुभ्रा त्यांचं नाक बघायला आली.

शुभ्रा ही शारजातल्या मराठी मंडळातल्या त्यांच्या जुन्या मित्राची मुलगी. जन्मली आणि वाढली तिथेच. आता ती दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका छोट्या स्टुडिओत डॉक्युमेंटरी बनवायची. त्यांच्या बायकोने, मंजुषाबाईंनी, पुढे केलेला चहा तिने बाजूला ठेवला आणि म्हणाली, "काका, जरा खिडकीकडे बघा ना. नाही, पूर्ण नको. साइड प्रोफाइल."

विजयकुमारांनी खिडकीबाहेरच्या लगूनच्या, खाडीच्या पाण्याकडे तोंड केलं.

"काय गं," मंजुषाबाई म्हणाल्या, "स्थळ बघायला आलीयस का?"

"काकू, मला एक शेख हवाय."

"मग इथे काय कमी आहेत?"

"खोटा शेख हवाय. अमेरिकन."

मग तिने नीट सांगितलं. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात एक खोरं आहे, तिथे खजूर पिकतो. त्या खोऱ्यातल्या लहानशा संग्रहालयाला आपल्या भागातल्या एका जुन्या माणसावर फिल्म करून हवी होती. माणसाचं नाव लेस्टर क्विन्बी. शंभर वर्षांपूर्वी तो मूकपटांत अरब शेखाची कामं करायचा. त्याचे बहुतेक सिनेमे नष्ट झालेले, काही फोटो आणि दीड रीळ उरलेलं. त्यामुळे त्याच्या आयुष्यातले प्रसंग पुन्हा उभे करून चित्रित करायचे होते. काम शुभ्राच्या कंपनीकडे आलं, कारण वाळू इथे हाताशी होती आणि स्टुडिओ तिकडच्या मानाने स्वस्त.

"इथे गोरा नट मागितला की जिममधून आलेला पोरगा पाठवतात," शुभ्रा म्हणाली. "मला उंच, वाळलेला, वयस्कर माणूस पाहिजे. तुमचं नाक सेम आहे काका. डोळे घारे आहेतच. बाकी गोरेपण, तरुणपण मेकअप बघून घेईल."

"डायलॉग किती आहेत?" विजयकुमारांनी विचारलं.

"एकही नाही. मूकपट ना तो."

विजयकुमारांना ते रुचलं नाही. कारण त्यांच्याकडे जे काही होतं ते आवाजात होतं. पुण्यात कॉलेजात असताना ते नाटकात काम करायचे आणि शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय ऐकू जायचे. पुढे नोकरीसाठी शारजाला आले. औद्योगिक क्षेत्रातल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दरवाजे करणाऱ्या कारखान्यात आधी स्टोअरमध्ये लागले आणि ॲडमिन मॅनेजर म्हणून बाहेर पडले. तिथेही त्यांचा आवाजच वाजला. सकाळी लाउडस्पीकरवरून कामगारांना सूचना द्यायचं काम त्यांनी कधीच दुसऱ्या कोणाला दिलं नाही. मंडळाचा गणपती असो नाहीतर दिवाळी पहाट, निवेदन विजयकुमारांचं. लोक त्यांना ओळखायचे ते डोळे मिटूनही.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

"अहो, जा की," शुभ्रा गेल्यावर मंजुषाबाई म्हणाल्या. "पुण्याला जायला अजून वेळ आहे. घरात नुसते येरझाऱ्या घालताय."

व्हिसा संपायच्या आत त्यांना पुण्याला परतायचं होतं. बाणेरचा फ्लॅट तयार होता. फर्निचर विकायला काढलं होतं. मुलगा वेदांग अबुधाबीत नोकरीला होता, त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "Baba, that's actually cool. Do it." एवढ्यावर ठरलं.

स्टुडिओत पहिल्या दिवशी शुभ्राने त्यांना लेस्टर क्विन्बीची गोष्ट सांगितली. विजयकुमारांनी आजवर पाठ केलेल्या भूमिकाच केल्या होत्या, नुसती ऐकलेली कधी नाही, म्हणून ते मुलासारखे कान देऊन बसले.

लेस्टर नेब्रास्कातला. बाप धान्याच्या कोठारावर कारकून. लेस्टर रेल्वेच्या एका बारक्या स्टेशनवर तारा पाठवायचा. छाती अशक्त निघाली, तेव्हा डॉक्टरने कोरड्या हवेत जा म्हणून सांगितलं, आणि तो कॅलिफोर्नियाला गेला. तिथे सिनेमावाल्यांना गर्दीत उभं राहायला माणसं लागायची. दुपारचं जेवण मिळायचं म्हणून तो उभा राहायला लागला. उंच होता, त्यामुळे गर्दीत दिसायचा. एका दिग्दर्शकाच्या डोळ्यांत भरला. दिग्दर्शकाने त्याला डोक्याला बांधायला फडकं दिलं, घोड्यावर बसवलं आणि शेख केलं.

लोकांना तो आवडला. मग तो शेखच राहिला. दर सिनेमात तंबू, खंजीर, पळवून आणलेली गोरी मुलगी. अरबस्तान त्याने जन्मात पाहिलं नाही. स्टुडिओचे ट्रक वाळूच्या टेकड्यांपर्यंत जायचे, तिथेच त्याचं राज्य. चांगली सात-आठ वर्षं त्याने मोठं घर, मोटार, पार्ट्या असं सगळं पाहिलं. एक लग्न केलं, ते मोडलं.

"मग सिनेमा बोलायला लागला," शुभ्रा म्हणाली.

"आवाज वाईट होता?"

"अजिबात नाही. छान, खोल आवाज होता म्हणतात. पण बोलणं नेब्रास्काचं. आपल्याकडे समजा राजाच्या पोशाखातला माणूस उभा राहिला आणि तोंड उघडल्यावर एकदम भाजीवाल्यासारखा बोलला, तर? तसं झालं. पहिल्या बोलपटाचा खेळ आधी एका लहान गावात लावून बघितला. लेस्टर मागे उभा होता. पडद्यावरचा शेख पहिलं वाक्य बोलला आणि थिएटर हसलं. मग शेवटपर्यंत हसत राहिलं. तो सिनेमा पुढे लागलाच नाही."

"आणि हा?"

"हा गेला त्या खोऱ्यात. तिथे कधीतरी शूटिंगला जाऊन आलेला होता. अरबस्तानातून आणि आफ्रिकेतून आणलेली खजुराची झाडं तिथे नुकतीच वाढत होती. उरलेल्या पैशात जमीन घेतली. मरेपर्यंत खजूर विकला. टूरिस्ट सीझनमध्ये तोच जुना शेखाचा ड्रेस घालून रस्त्यावर उभा राहायचा. लोक गाडी थांबवून फोटो काढायचे. Imagine, काका. केवढा मोठा स्टार, आणि शेवटी जाहिरातीचा बाहुला. मला फिल्म तिथे संपवायचीय."

विजयकुमारांनी मान हलवली. त्यांना ते वाईट वाटलं आणि योग्यही वाटलं. नाटकाचा शेवट असाच असतो.

वाळवंटातले प्रसंग शारजाच्या आतल्या भागात, धैद गावाच्या बाजूला घेतले. तिथे फहद नावाच्या गृहस्थांची खजुराची बाग होती आणि मागे टेकड्या. फहद पन्नाशीचे, पोलिसातून निवृत्त झालेले, हिंदी चांगलं बोलायचे. शुभ्राने त्यांना टॅबलेटवर उरलेल्या दीड रिळातला तुकडा दाखवला. लेस्टर क्विन्बी घोड्यावरून उडी मारतो, हात छातीवर ठेवतो, क्षितिजाकडे बघतो.

फहद पोट धरून हसले. "ये शेख है? इसने तो बीवी का दुपट्टा बांधा है!"

"हमको ऐसा ही चाहिए," शुभ्रा म्हणाली. "गलतवाला."

पण फहदना ते सहन होईना. विजयकुमार तयार होऊन आले की ते नकळत पुढे व्हायचे, डोक्यावरचं कापड सोडायचे आणि नीट, चापून-चोपून, वरची काळी दोरी सरळ करून द्यायचे. मग शुभ्रा ओरडायची आणि मेकअपवाली मरिसा येऊन ते पुन्हा चुकीचं बांधायची. मरिसा वसईची होती. "काका, डोकं हलवू नका," ती म्हणायची, "चुकीचं बांधायला जास्त वेळ लागतो."

काम मात्र जमत नव्हतं. विजयकुमार मनातल्या मनात वाक्यं म्हणायचे आणि त्यांचे ओठ थरथरायचे. शुभ्राने ते बघितलं.

"बोला तुम्ही," ती म्हणाली. "मूकपटातले नटही बोलायचेच. आवाज फक्त रेकॉर्ड होत नव्हता."

ते बोलले. टेकडीवर उभे राहून त्यांनी तरुणपणीच्या नाटकातलं एक स्वगत खणखणीत म्हणून दाखवलं. युनिटमधली मुलं थक्क झाली. फहदनी टाळ्या वाजवल्या. शुभ्राने मॉनिटरवर आवाज बंद करून त्यांना तोच शॉट दाखवला. आवाज काढून घेतल्यावर पडद्यावर एक म्हातारा तोंडाची उघडझाप करत होता आणि त्याच्या डोळ्यांत काहीच नव्हतं.

विजयकुमारांनी ते दोनदा बघितलं. आपल्या चेहऱ्याला आजवर काही काम पडलं नव्हतं, हे त्यांना या वयात कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी शुभ्राने युक्ती केली. तिने त्यांना भाव दाखवायला सांगणंच सोडलं. ती कामं सांगायची. घोड्याचा पट्टा आवळा. बुटातली वाळू झाडा. तंबूची दोरी तपासा. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे सोपं होतं. दोरी तपासताना ते खरंच दोरी तपासायचे. गाठ सैल असेल तर चिडायचे. ते चिडणं पडद्यावर चांगलं दिसायचं.

थिएटरचा प्रसंग स्टुडिओत घेतला. जुन्या पद्धतीच्या लाकडी खुर्च्यांच्या रांगा लावल्या होत्या. त्यांच्यावर प्रेक्षक म्हणून बसवायला शेजारच्या कंपन्यांच्या स्टाफ हाउसिंगमधली माणसं आणली होती. कोणी केरळचे, कोणी फिलिपिन्सचे, कोणी पेशावरकडचे. सगळ्यांना कोट आणि हॅट. कॅमेरा त्यांच्या समोरून, डोक्यांवरून विजयकुमारांच्या चेहऱ्यावर. पडद्यावर प्रत्यक्षात काहीच नव्हतं, नुसता पांढरा उजेड.

"तुम्ही मागच्या दाराशी उभे आहात," शुभ्रा म्हणाली. "ते हसतील. तुम्ही हॅट हातात धरायची, बस. आणि यल्ला, चला, सगळे हसा!"

माणसं हसली, पण ओशाळवाणी. खोटं हसू ऐकून एकाला खरं हसू आलं. त्याचं बघून शेजारच्याला आलं. थोड्या वेळात सगळी खोली हसत सुटली. खुर्च्या करकरायला लागल्या, एकजण डोळे पुसायला लागला.

विजयकुमार मागे उभे होते. हॅट हातात होती. आणि त्यांना कारखान्यातला निरोप समारंभ आठवला.

निरोप छान झाला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. घड्याळ दिलं होतं, केक कापला होता. मग अंकुर उठला. त्यांच्या जागी आलेला तो तरुण मॅनेजर, हुशार, कामाला चोख. त्याने एक कागद गुंडाळून भोंग्यासारखा तोंडाशी धरला आणि विजयकुमारांच्या आवाजात, अगदी हुबेहूब, म्हणाला, "साथियो! हेल्मेट पहनिए! आपकी जान की क़ीमत आपके घरवालों से पूछिए!" जेवणाचा सगळा हॉल हसला. वेल्डिंगवाले, पेंटवाले, कॅन्टीनचा किसन, सगळे. विजयकुमारही हसले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या वाक्यावर लोक इतकी वर्षं हसत आले असले पाहिजेत, हे त्यांना तिथे पहिल्यांदा समजलं. अंकुरने ते त्याच दिवशी तयार केलेलं नव्हतं. ते घोटलेलं होतं.

आता स्टुडिओत माणसं हसत होती आणि विजयकुमार उभे होते. त्यांनी हॅटची कड दोन बोटांनी चाचपली, एका जागी शिवण उसवली होती तिथे अंगठा ठेवला आणि हसणाऱ्या पाठींकडे बघत राहिले. मग तेही किंचित हसले. निरोपाच्या वेळी हसले होते तसेच.

शुभ्राने कट म्हणायला उशीर केला. माणसं आपोआप थांबली, खोलीत शांतता झाली, तरी तिने म्हटलं नाही. शेवटी कॅमेरावाल्याने तिच्याकडे बघितलं.

"खलास," ती हळू म्हणाली. "झालं. पुन्हा नको."

त्या संध्याकाळी विजयकुमार आणि मंजुषाबाई नेहमीप्रमाणे लगूनच्या काठाने फिरायला गेले. पाण्यातलं कारंजं अजून सुरू व्हायचं होतं. मुलं सायकली चालवत होती.

"मंजू," ते म्हणाले, "अंकुरने माझी नक्कल केली होती. सेंड-ऑफच्या दिवशी."

"मला माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"व्हिडिओ आला होता मंडळाच्या ग्रुपवर. तनया वहिनींनी फॉरवर्ड केला." मंजुषाबाई चालत राहिल्या. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

"मला आवडलं नाही ते."

"तेही माहीत आहे. घरी येऊन तुम्ही घड्याळाचा बॉक्ससुद्धा उघडला नाहीत."

"इतकी वर्षं हसत होते का गं ते?"

"हसत असतील," मंजुषाबाई म्हणाल्या. "पण हेल्मेट घालत होते ना?"

विजयकुमार बाकावर बसले. त्या शेजारी बसल्या. कारंजं सुरू झालं तेव्हा दोघांनी ते पूर्ण बघितलं. इतकी वर्षं समोर राहून त्यांनी ते क्वचितच शेवटपर्यंत पाहिलं होतं.

शेवटचा प्रसंग राहिला होता. खजुराच्या दुकानाचा. फहदच्या बागेच्या तोंडाशी, रस्त्याकडेला, लाकडी टपरी उभी केली. इंग्रजी पाटी रंगवली. एक जुनी अमेरिकन मोटार कोणाच्या तरी संग्रहातून भाड्याने आणली.

या प्रसंगासाठी शुभ्राकडे एक गोष्ट होती. कुठल्याशा टूरिस्टने आपल्या घरगुती कॅमेऱ्यावर लेस्टरला टिपलं होतं, म्हातारपणी, दुकानाशी. मिनिटभराचा तुकडा, आवाज नसलेला. शेखाच्या विटक्या झग्यातला लेस्टर समोरच्या लहान मुलीला खजूर देतो. मग कॅमेऱ्याकडे वळतो, काहीतरी बोलतो आणि हाताने डोळे झाकतो. तिथे फिल्म संपते.

"बघा," शुभ्रा म्हणाली, "त्याला कॅमेरा दिसतो आणि तो डोळे झाकतो. इतक्या वर्षांनी कॅमेरा. त्याला सहन होत नाही. हा शॉट मला तुमच्याकडून हवाय, पण क्लोजअपमध्ये. मुलगी जाते, मोटार जाते, तुम्ही एकटे. एक अश्रू."

विजयकुमारांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा.

"ऊन आहे," ते म्हणाले.

"काय?"

"त्याच्या डोळ्यांवर ऊन येतंय शुभ्रा. सावली बघ ना कुठे पडलीय. म्हणून हात धरलाय."

"असेलही. पण माणूस काय काय लपवतो हाताआड."

फहदही वाकून बघत होते. त्यांना डोळ्यांचं काही पडलं नव्हतं. "देखो, पहले खजूर खोला," ते म्हणाले. "अंदर कीड़ा है कि नहीं, देखा. फिर बच्ची को दिया. ये आदमी खजूरवाला है. शेख-वेख छोड़ो."

शॉटची तयारी झाली. लहान मुलगी म्हणून मरिसाच्या बहिणीची मुलगी होती. विजयकुमारांनी खजूर दोन बोटांत धरून उघडला, आत बघितलं, बी काढली आणि तिला दिला. मुलगी म्हणाली, "Thank you, uncle," आणि मोटारीकडे पळाली. मोटार गेली. ते उभे राहिले. काहीच झालं नाही.

"काका, तो एकटा पडलाय," शुभ्रा कॅमेऱ्यामागून म्हणाली. "लोक विसरलेत त्याला."

"हो."

"मग?"

"मग तो पुढचं खोकं उघडेल."

"काका, please."

पुन्हा घेतलं. पुन्हा विजयकुमार कोरडेच. ऊन उतरायला लागलं. शुभ्राचा आवाज चढला. "तुम्हाला रडायचंच नाहीये. तुम्ही ठरवून आलाय."

"तो रडला नसता," विजयकुमार म्हणाले. त्यांचा नेहमीचा आवाज लागला आणि बागेच्या टोकापर्यंत गेला. "त्याने जमीन घेतली. झाडं वाढवली. झगा घातला की खजूर जास्त खपतो म्हणून झगा घातला. यात रडायचं काय आहे? नोकरी संपलेल्या माणसाकडे तुम्ही लोक असे का बघता?"

शुभ्राचा चेहरा उतरला. तिला बापाच्या वयाच्या माणसावर ओरडायचं नव्हतं आणि फिल्मही सोडायची नव्हती. ती जवळ आली.

"मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये काका," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मला हा शॉट लागेल. मग तो वापरायचा की नाही ते मी नंतर ठरवेन. प्रॉमिस."

विजयकुमारांनी मरिसाकडे बघितलं. "घाल," ते म्हणाले.

मरिसाने ग्लिसरीन घातलं. डोळे चुरचुरले, पाणी आलं, ते गालावरून बरोबर शुभ्राला हवं तसं ओघळलं. शॉट एका दमात झाला. फहदनी त्यांना पाण्याची बाटली दिली आणि डोक्यावरचं कापड शेवटी एकदा नीट बांधून दिलं. आता कोणी अडवलं नाही.

फिल्मचा पहिला कच्चा कट झाला तेव्हा शुभ्राने स्टुडिओतच तो दाखवला. युनिटची माणसं, शुभ्राचे आई-वडील, मंजुषाबाई, अबुधाबीहून आलेला वेदांग. संग्रहालयाची माणसं व्हिडिओ कॉलवर होती. त्यांच्याबरोबर एक म्हातारी बाई बसली होती, पांढऱ्या केसांची, नाकात ऑक्सिजनची नळी. लेस्टरच्या भावाची नात. तिचं लहानपण लेस्टरच्या बागेत गेलं होतं. त्याला बघितलेलं जिवंत माणूस आता तेवढंच.

शेवटी शुभ्राने तो अश्रू ठेवलाच होता. पडद्यावर विजयकुमार रडले आणि शुभ्राच्या आईने पदराने डोळे टिपले. मंजुषाबाई स्थिर बसून होत्या. वेदांगने बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

दिवे लागले. स्क्रीनवरची म्हातारी बोलायला लागली. ती सावकाश बोलायची आणि श्वासासाठी मध्ये थांबायची. शुभ्रा मंजुषाबाईंसाठी हळूच मराठीत सांगत होती.

म्हातारी म्हणाली, लेस्टरकाका फार रडायचा. कशानेही रडायचा. कुत्रं मेलं तेव्हा, चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत बँड आला तेव्हा, शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नात. घरातले सगळे त्याला हसायचे. मुलांना खजूर देतानासुद्धा कधी कधी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो म्हणायचा, धूळ गेली. पण सिनेमाबद्दल तो कधी बोलला नाही आणि सिनेमावरून रडलेला मी पाहिला नाही. आम्ही विचारायचो, तेव्हा म्हणायचा, ती चांगली नोकरी होती.

मग तिने विचारलं, "त्या थिएटरच्या दाराशी उभा असलेला माणूस कोण आहे? तो तिथे आहे का?"

विजयकुमार उठून कॅमेऱ्यासमोर गेले. म्हातारीने त्यांना बराच वेळ बघितलं.

"तुम्ही त्याच्यासारखे दिसत नाही," ती म्हणाली.

"नाही," विजयकुमार इंग्रजीत म्हणाले.

"पण तो घरात सगळे हसायला लागले की अशीच टोपी धरायचा."

एवढं बोलून ती दमली. शेजारच्या बाईने तिला पाणी दिलं आणि कॉल संपला.

सगळे निघाल्यावर शुभ्रा विजयकुमारांजवळ येऊन उभी राहिली. "तुम्ही बरोबर होतात," ती म्हणाली. "सिनेमासाठी नाही रडला तो. मी तो अश्रू काढून टाकते. खोकं उघडण्यावर संपवते."

विजयकुमारांनी विचार केला. "तू पण बरोबर होतीस," ते म्हणाले. "रडका होता म्हणे. आणि मी तिथे भर उन्हात तुला ओरडून सांगत होतो, तो रडला नसता म्हणून."

"मग काय करू?"

"राहू दे. फक्त मोटार गेल्यावर नको. मुलीला खजूर देताना ठेव. म्हातारी म्हणाली तसं."

"तो शॉट आपल्याकडे नाहीये काका. त्यात तुमचे डोळे कोरडे आहेत."

"मग घेऊ पुन्हा," विजयकुमार म्हणाले. "मुलीला शाळेला सुट्टी असली की घेऊ. फहदना फोन कर."

पुढच्या शनिवारी ते पुन्हा धैदला गेले. टपरी फहदनी अजून काढली नव्हती. तिच्यात ते खरोखरच खजूर विकायला लागले होते. मरिसाने ग्लिसरीनची बाटली पुढे केली. विजयकुमारांनी आधी नको म्हटलं, प्रयत्न केला, जमलं नाही, मग निमूटपणे डोळे वर केले. खजूर उघडला, आत बघितलं, मुलीला दिला. मुलीने त्यांच्या गालाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "Are you okay?" हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

"धूळ," विजयकुमार मराठीत म्हणाले. "धूळ गेली बेटा."

शुभ्राने तो शॉट ठेवला. फिल्ममधल्या प्रसंगांना आवाज नसल्यामुळे ते काय म्हणाले हे कोणाला कळणार नव्हतं.

महिनाअखेरीस विजयकुमार आणि मंजुषाबाई पुण्याला गेले. सोफा शेवटी विकला गेला नाही. तो वेदांग घेऊन गेला. अंकुर विमानतळावर सोडायला आला होता, कंपनीची गाडी घेऊन. बॅगा उतरवताना तो म्हणाला, "सर, एक विचारू? ती सकाळची अनाउन्समेंट मला नीट जमत नाही. लोक ऐकत नाहीत. तुम्ही एकदा रेकॉर्ड करून पाठवाल का?"

विजयकुमारांनी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "तू तुझ्या आवाजात म्हण. हसले तर हसू दे."

मग त्यांनी ट्रॉली धरली आणि मंजुषाबाईंच्या मागोमाग आत गेले.